रॅम तेवढीच, उत्तरं जास्त: ओएसआरएम सर्व्हरचा वेग वाढवण्याची क्रमवार कृती

ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावरून रस्ता, अंतर आणि वेळ काढून देणारं ओएसआरएम, म्हणजे ओपन सोर्स राउटिंग मशीन, एकदा चालू केलं की बरेच दिवस कुणी त्याच्याकडे बघत नाही. मग वापर वाढतो आणि उत्तरं रेंगाळू लागतात. अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो म्हणजे शेजारी दुसरं ओएसआरएम उभं करायचं. ते नकाशाची दुसरी प्रत रॅममध्ये ओढून घेतं. तिसरं उभं केलं की लिनक्सचा ओओएम किलर, म्हणजे रॅम संपली की प्रोसेस बंद पाडणारी कर्नलची सोय, येतो आणि तिघांपैकी एकाला उचलून नेतो.

रॅम खातो तो नकाशा. उत्तर देणारी प्रोसेस त्या मानाने फारच कमी खाते. म्हणून नकाशा एकदाच चढवायचा, तो वाचणारे हात वाढवायचे आणि प्रत्येक प्रश्नात लागतं तेवढंच मागायचं. पुढची कृती लिनक्स सर्व्हरसाठी आहे. आदेश आणि पर्याय इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग लागेल, ते प्रत्येक टूलला 'हेल्प' दिलं की दिसतं.

हाताशी काय हवं

- एकाच आवृत्तीची सगळी ओएसआरएम टूल्स: एक्स्ट्रॅक्ट, पार्टिशन, कस्टमाइझ, कॉन्ट्रॅक्ट (ही नकाशा तयार करणारी), डेटास्टोअर (तो रॅममध्ये ठेवणारं), राउटेड (उत्तरं देणारं). एका आवृत्तीने तयार केलेल्या फायली दुसरी आवृत्ती वाचेलच असं नाही.
- पीबीएफ फाइल, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचा कच्चा नकाशा. जिओफॅब्रिक या साइटवर भारताचे विभागवार तुकडे मिळतात. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागात येतात.
- समोर ठेवायला एनजिनएक्स, म्हणजे रिक्वेस्ट वाटून देणारा वेब सर्व्हर.
- लोड टेस्टसाठी डब्ल्यूआरके किंवा तत्सम टूल.
- सर्व्हरवर रूटचे अधिकार.
- गेल्या काही दिवसांचा रिक्वेस्ट लॉग. हा नसेल तर आधी तो चालू करा, दोन दिवस थांबा आणि मग पायरी १ वर या.

१. आधी मोजा, आणि नीट मोजा

ओएसआरएम-राउटेड मुळातच मल्टिथ्रेडेड आहे. काही सांगितलं नाही तर यंत्रावर दिसतील तेवढे कोअर ते वापरतं आणि त्याचे सगळे थ्रेड एकाच नकाशावर काम करतात. त्यामुळे एका प्रोसेसने सगळे कोअर शंभर टक्क्यांवर नेले असतील, तर दुसरी प्रोसेस उभी करून वेग वाढणार नाही. तुमच्या कामाची आहे ती पायरी ६. उलट कोअर मोकळे असूनही उत्तरं रेंगाळत असतील, तर अडचण रांगेत, डिस्कवर किंवा रॅममध्ये आहे.

नोडजेएसमधून ओएसआरएम वापरत असाल तर इथेच एक ठेच लागते. नोडच्या लिबयूव्ही थ्रेडपूलमध्ये डिफॉल्टने फक्त ४ थ्रेड असतात, म्हणजे १६ कोअरच्या यंत्रावरही एकावेळी चारच क्वेरी चालतात. यूव्ही थ्रेडपूल साइझ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाढवलं की काम होतं.

रॅम मोजताना आरएसएसची, म्हणजे प्रत्येक प्रोसेसने व्यापलेल्या रॅमच्या आकड्याची, बेरीज करू नका. समजा नकाशा ९ जीबीचा आहे आणि चार प्रोसेस तो मिळून वाचताहेत. टॉपमध्ये प्रत्येकीसमोर ९ जीबीच्या आसपास आकडा दिसेल, बेरीज ३६ होईल, पण खरा वापर ९ आणि वर थोडासाच असेल. खरा आकडा हवा तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलमधली पीएसएसची ओळ बघा. तिथे सामायिक पानं वापरणाऱ्यांत वाटून मोजलेली असतात. शेअर्ड मेमरी (पायरी ३) वापरताना नव्या प्रोसेसचा आरएसएस सुरुवातीला लहान दिसतो आणि क्वेऱ्या येतील तसा वाढत जातो. ती गळती नसते. प्रोसेस नकाशाच्या ज्या पानाला पहिल्यांदा हात लावते, ते तिच्या खात्यावर चढतं, इतकंच.

लोड टेस्टमध्ये एकच यूआरएल हजार वेळा मारू नका. तोच रस्ता सीपीयूच्या कॅशमध्ये बसतो आणि आकडे खोटे सुंदर येतात. लॉगमधल्या खऱ्या जोड्या घ्या, त्यांचा क्रम विस्कटा आणि सरासरीऐवजी पी९९, म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव उत्तरं ज्या वेळेच्या आत येतात तो आकडा, लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हाच आकडा बघायचा आहे.

२. नकाशा हलका करा

पुण्या-मुंबईत गाड्या पळवायच्या असतील तर अख्ख्या भारताचा नकाशा कशाला चढवायचा? विभागाची फाइल घ्या किंवा ओस्मियम या टूलने हवा तेवढा चौकोन कापा.

मात्र कापताना सीमेवर जपून. गडहिंग्लजहून पुण्याला निघालेली गाडी बहुधा संकेश्वर, निपाणी करत महामार्गाला लागते, आणि ही दोन्ही गावं कर्नाटकात आहेत. राज्याच्या हद्दीवर नेमका कापलेला नकाशा अशा प्रवासाला भलताच वळसा देतो आणि एररही देत नाही. दोन्ही टोकं महाराष्ट्रात असल्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. कापताना सीमेपलीकडे ४०-५० किलोमीटरची पट्टी ठेवा.

आता अल्गोरिदम. सीएच, म्हणजे कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज, उत्तर देण्यात वेगवान आहे, विशेषतः मोठ्या टेबल क्वेऱ्यांमध्ये, म्हणजे अनेक बिंदूंमधल्या वेळा-अंतरांचं मॅट्रिक्स एकदम मागणाऱ्या प्रश्नांमध्ये. पण तयारीला वेळ खातं. एमएलडी, म्हणजे मल्टिलेव्हल डाइक्स्ट्रा, उत्तर देताना थोडं मागे पडतं, पण रस्त्यांचे वेग बदलले की फक्त कस्टमाइझ पुन्हा चालवून भागतं. ट्रॅफिकचा डेटा दर काही मिनिटांनी घालायचा असेल तर एमएलडी. नकाशा महिन्यातून एकदाच बदलत असेल आणि दिवसभर मॅट्रिक्सच काढायचे असतील तर सीएच.

दोन्ही 'करून तर बघू' म्हणून एकाच फोल्डरात तयार करू नका. डेटास्टोअर फोल्डरात सापडतील त्या दोन्ही अल्गोरिदमच्या फायली रॅममध्ये चढवतं आणि राउटेड त्यातल्या एकाच्याच वापरतं. दुसऱ्याने अडवलेली रॅम फुकट जाते. अल्गोरिदमगणिक वेगळं फोल्डर ठेवा.

प्रोफाइलच्या, म्हणजे वाहनाचे नियम लिहिलेल्या, लुआ फाइलमध्ये 'एक्स्क्लूडेबल' ची यादी असते: टोल टाळा, महामार्ग टाळा, फेरी टाळा, आणि त्यांच्या जोड्या. यातल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी गणितं साठवली जातात. तुमचं अॅप टोल टाळण्याचा पर्याय देतच नसेल तर ती ओळ काढा आणि एक्स्ट्रॅक्टपासून पुन्हा चालवा.

एक्स्ट्रॅक्टला लागणारी रॅम चालू सर्व्हरच्या रॅमपेक्षा बरीच जास्त असते. ते काम दुसऱ्या यंत्रावर करा आणि तयार फायली इकडे आणा.

३. नकाशा एकदाच चढवा

विहीर एकच, मोटा चार, असा हा प्रकार. डेटास्टोअर नकाशा शेअर्ड मेमरीत ठेवतं आणि स्वतः बाहेर पडतं. मागे राहिलेला मेमरीचा तुकडा कर्नलच्या ताब्यात असतो. मग राउटेडच्या हव्या तेवढ्या प्रोसेस 'शेअर्ड-मेमरी' पर्यायाने चालू करा. त्या तोच तुकडा वाचतात.

क्रम असा:

- डेटास्टोअरला तयार फाइलचा मार्ग द्या. सोबत 'डेटासेट-नेम' ने नाव दिलंत तर कार आणि दुचाकीचे वेगळे नकाशे एकाच यंत्रावर सुखाने नांदतात.
- आयपीसीएस-एम चालवा. तुकड्याचा आकार आणि त्याला किती प्रोसेस जोडल्या आहेत ते दिसेल.
- राउटेड चालू करा: अल्गोरिदम, पोर्ट, थ्रेड आणि शेअर्ड-मेमरी हे पर्याय, शिवाय दिलं असेल तर डेटासेटचं नाव.
- पुन्हा आयपीसीएस-एम. जोडलेल्यांचा आकडा वाढला पाहिजे.

वाचायला सोपं आहे, पण नवख्यांचा निम्मा वेळ इथेच जातो. खड्डे ठराविक आहेत.

लॉक न होणं. डेटास्टोअर तुकडा रॅममध्ये लॉक करायला बघतं, म्हणजे तो स्वॅपमध्ये जाऊ नये. मेमलॉकची मर्यादा तोकडी असेल तर ते एक इशारा छापतं आणि पुढे जातं. लोक तो इशारा वाचत नाहीत, आणि रात्री बॅकअप चालू झाला की नकाशाची पानं स्वॅपमध्ये जाऊन बसतात. लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये मर्यादा वाढवली तरी ती सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या, सर्व्हिसला लागू होत नाही. तिथे युनिट फाइलमध्ये लिमिट-मेमलॉक इन्फिनिटी लिहावं लागतं. एसएचएम-मॅक्स, म्हणजे शेअर्ड मेमरीच्या तुकड्याची कमाल मर्यादा, वाढवा असा सल्ला जुन्या लेखांत दिसेल. कर्नल ३.१६ पासून ती मर्यादा डिफॉल्टनेच अवाढव्य आहे, तिकडे वेळ घालवू नका.

लॉगआउट केल्यावर नकाशा गायब होणं. सिस्टिमडीच्या लॉगिनडीमध्ये 'रिमूव्ह-आयपीसी' नावाचा पर्याय आहे. तो चालू असेल आणि तुम्ही साध्या युजरने डेटास्टोअर चालवून एसएसएचमधून बाहेर पडलात, तर त्या युजरची शेअर्ड मेमरी पुसली जाते. डेटास्टोअर सिस्टिम युजरच्या नावाने, वनशॉट सर्व्हिस म्हणून चालवा आणि राउटेडची युनिटं तिच्यानंतर चालू होतील असं बांधा.

टीएमपी फोल्डर. शेअर्ड मेमरीची किल्ली टीएमपीमधल्या एका लॉक फाइलवरून ठरते. फाइल बदलली की किल्लीही बदलते, आणि नकाशा मेमरीत असूनही राउटेडला सापडत नाही. युनिट फाइलमध्ये 'प्रायव्हेट-टीएमपी' चालू असेल तर नेमकं हेच होतं. टीएमपी दहा दिवसांनी झाडणारी सिस्टिमडीची नेहमीची सफाईही हाच घोळ घालू शकते. ती लॉक फाइल सफाईतून वगळा. डॉकरमध्ये तर दोन्ही गोष्टी लागतात: आयपीसी होस्टचं आणि टीएमपी सगळ्या कंटेनरांना एकच. नुसतं आयपीसी सामायिक करून 'चालत का नाही' म्हणून डोकं धरून बसलेले लोक कमी नाहीत.

फाइलइंडेक्स. दिलेला बिंदू कुठल्या रस्त्याला चिकटवायचा ते शोधणाऱ्या आर-ट्रीची पानं शेअर्ड मेमरीत जात नाहीत. ती डिस्कवरच्या फाइलइंडेक्स नावाच्या फाइलमधून थेट वाचली जातात. म्हणून 'सगळं रॅममध्ये चढलं, आता फोल्डर उडवू' असं करू नका. डॉकरमध्ये त्या फाइलचा मार्ग डेटास्टोअरला दिसतो तोच राउटेडलाही दिसायला हवा. ही फाइल नेटवर्क डिस्कवर ठेवलीत तर प्रत्येक क्वेरीची सुरुवातच रखडते. एसएसडीवर ठेवा.

दोन सॉकेटचा, म्हणजे दोन सीपीयू बसवलेला, सर्व्हर. मेमरीचं पान ज्या सॉकेटवरून पहिल्यांदा लिहिलं जातं तिथेच ते राहतं. डेटास्टोअर एका सॉकेटवर चालला तर सगळा नकाशा त्याच्याच बाजूला जातो आणि दुसऱ्या सॉकेटच्या थ्रेडना दर वेळी लांबचा फेरा पडतो. डेटास्टोअर न्यूमा-सीटीएलच्या 'इंटरलीव्ह ऑल' खाली चालवा. एका सॉकेटच्या यंत्रावर याची गरज नाही.

एवढा व्याप नको असेल तर राउटेडला 'एममॅप' पर्याय द्या. मग फायली थेट मॅप होतात आणि सगळ्या प्रोसेस कर्नलच्या पेज कॅशमधली एकच प्रत वापरतात. रॅम तोकडी असली तरी हे चालतं, कारण कमी लागणारी पानं कर्नल हवी तेव्हा काढून टाकतो. तीच त्याची उणीवही आहे: थंड पानाला हात लागला की डिस्ककडे जावं लागतं आणि पी९९ उडी मारतो. चालू केल्यावर सगळ्या फायली एकदा वाचून काढा, म्हणजे कॅश गरम होईल.

४. हात वाढवा, पण कामाप्रमाणे

एकच प्रोसेस सगळे कोअर वापरत असेल तर चार कशाला? कामं वेगळी करण्यासाठी. ५००×५०० चं मॅट्रिक्स एका थ्रेडला बराच वेळ गुंतवतं. अशी आठ मॅट्रिक्स एकदम आली की आठ थ्रेडची प्रोसेस अडते आणि एरवी चुटकीसरशी सुटणारी साधी रूट क्वेरी मागे ताटकळते. चांगलं चालणारं अॅप मध्येच अडखळतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

१२ कोअरच्या यंत्रासाठी अशी विभागणी करता येईल:

- पोर्ट ५००१ आणि ५००२: रूट आणि निअरेस्ट, प्रत्येकी ३ थ्रेड. टेबलची मर्यादा लहानच.
- पोर्ट ५००३: फक्त टेबल, ४ थ्रेड. 'मॅक्स-टेबल-साइझ' गरजेइतकं वाढवलेलं. डिफॉल्ट १०० असतं.
- उरलेले २ कोअर एनजिनएक्स आणि यंत्राच्या इतर कामांना.

नकाशा तिघींचा मिळून एकच. एक पडली तरी दुसऱ्या चालू राहतात आणि एकेक करून रीस्टार्टही करता येतात.

थ्रेड मोजताना खरे कोअर धरा, हायपरथ्रेडिंगचे दुप्पट नाहीत. रस्ता शोधताना सीपीयूचा बराचसा वेळ रॅममधून डेटा येण्याची वाट बघण्यात जातो. थ्रेड वाढवले की एका मर्यादेनंतर सगळे मिळून वाट बघतात. शिवाय प्रत्येक थ्रेडची शोधासाठी स्वतःची थोडी मेमरी असते. जीलिबसीचा मॅलॉक ६४-बिट यंत्रावर कोअरच्या आठपट अरीना, म्हणजे मेमरीचे कप्पे, काढू शकतो आणि मोठ्या टेबलांनंतर तिथे मेमरी अडकून राहते. एन्व्हायर्नमेंटमध्ये मॅलॉक-अरीना-मॅक्स ४ ठेवून पी९९ बिघडत नाही ना ते बघा. बिघडत नसेल तर तसंच राहू द्या.

५. समोर एनजिनएक्स

यूआरएलमध्ये टेबल आहे की रूट ते बघून रिक्वेस्ट योग्य गटाकडे पाठवा. गटात राउंड रॉबिनऐवजी (पाळीपाळीने वाटण्याऐवजी) 'लीस्ट-कॉन' (सगळ्यात कमी कनेक्शन असलेल्याला देणं) वापरा, कारण क्वेऱ्यांचा वेळ सारखा नसतो. एनजिनएक्स आणि ओएसआरएम एकाच यंत्रावर असतील तर पुढे पाठवताना अॅक्सेप्ट-एन्कोडिंगचा हेडर रिकामा करा, नाहीतर ओएसआरएमचे थ्रेड उत्तरं झिप करत बसतात.

लांब यूआरएलचं विसरू नका. रेखांश, अक्षांश आणि अर्धविराम मिळून एक बिंदू साधारण २० अक्षरं घेतो. एनजिनएक्सच्या हेडर बफरची मर्यादा डिफॉल्टने ८ केबी आहे, म्हणजे ४०० बिंदूंच्या आसपास ४१४ एरर यायला लागते आणि लोक ओएसआरएमच्या सेटिंगमध्ये कारण शोधत बसतात. बफर वाढवा किंवा बिंदू एन्कोडेड पॉलिलाइनमध्ये पाठवा.

तेच तेच रस्ते पुन्हा विचारले जात असतील तर प्रॉक्सी कॅश डिस्कवर ठेवा. रॅममध्ये फक्त चाव्या राहतात, १ एमबीत सुमारे ८ हजार. त्याआधी बिंदू पाच दशांशांवर आणा, म्हणजे जेमतेम एक मीटरची चूक. चार दशांश म्हणजे अकरा मीटर, आणि तेवढ्यात बिंदू महामार्गावरून उचलून सर्व्हिस रोडवर टाकला जातो.

६. प्रश्नच हलका करा

खर्च शून्य आणि फरक बहुतेक वेळा सगळ्यात मोठा, तरी लोक इथे सगळ्यात शेवटी येतात.

- फक्त वेळ आणि अंतर हवं असेल तर ओव्हरव्ह्यू (रस्त्याची रेषा) फॉल्स करा. स्टेप्स (वळणावळणाच्या सूचना) मुळातच बंद असतात. कुणीतरी नमुन्यातून उचलून चालू केलेल्या असतात, त्या बंद करा.
- रेषा काढायची असेल तर जिओजेसनऐवजी पॉलिलाइन घ्या, उत्तर बरंच आटोपशीर येतं.
- पर्यायी रस्ते दाखवत नसाल तर मागू नका.
- 'जनरेट-हिंट्स' फॉल्स करा. हिंट म्हणजे बिंदू रस्त्यावर कुठे चिकटला याची खूण. गोदामासारखा एकच बिंदू सारखा येत असेल तर उलटं करा: त्याचा हिंट जपून ठेवा आणि दर वेळी पाठवा, म्हणजे रस्त्याला चिकटवण्याचा शोध वाचतो. नकाशा बदलला की हिंट नवा घ्या.
- रेडियस द्या. जीपीएसने समुद्रात टाकलेल्या बिंदूसाठी कितीही लांबचा रस्ता शोधत बसण्यापेक्षा ओएसआरएमने लगेच नाही म्हटलेलं बरं.
- क्रम रेखांश आधी, अक्षांश नंतर. पुण्याचा बिंदू ७३.८५, १८.५२ असा. उलटा दिलात तर तो पार आर्क्टिकच्या बाजूला जातो, आणि उत्तर आलंच तरी निरर्थक असतं.

टेबल क्वेरीबद्दल थोडं जास्त. एका गोदामापासून ५०० घरांची अंतरं हवी असताना ५०१×५०१ चं मॅट्रिक्स मागणारा कोड सर्रास दिसतो. सोर्सेस आणि डेस्टिनेशन्स द्या. अडीच लाख खाने काढण्याऐवजी ५०० निघतील. वेळेने भागत असेल तर अॅनोटेशन्समध्ये अंतर मागू नका.

खरोखरच १०००×१००० हवं असेल तर एकदम मागितल्याने एका थ्रेडवर मोठं ओझं येतं, म्हणून तुकडे करा. पण ते चौकोनी करा. सीएचमध्ये प्रत्येक सोर्सला एक आणि प्रत्येक डेस्टिनेशनला एक शोध लागतो. अख्खं मॅट्रिक्स २००० शोधांत निघतं. २५०×१००० चे चार तुकडे केले तर ५००० शोध होतात, ५००×५०० चे चार केले तर ४०००. काम तेच, खर्च एक हजार शोधांनी कमी.

एखाद्या यंत्रावर फक्त टेबलच चालत असेल तर नव्या आवृत्त्यांतला 'डिसेबल-फीचर-डेटासेट' पर्याय बघा. रूट-स्टेप्स आणि रूट-जिओमेट्री न चढवता नकाशा लोड होतो, म्हणजे रॅम उलट वाचते. मग त्या यंत्राला कुणी स्टेप्स मागितल्या तर एरर येईल, म्हणून एनजिनएक्सचे नियम पुन्हा तपासा.

७. नकाशा बदलताना रॅम दुप्पट लागते

डेटास्टोअरने नवा नकाशा चढवला की चालू प्रोसेस रीस्टार्टशिवाय त्याच्याकडे वळतात. पण तोवर जुना आणि नवा दोन्ही मेमरीत असतात. ९ जीबीच्या नकाशाला १६ जीबीचं यंत्र रोज पुरतं, मात्र अपडेटच्या रात्री पडतं. यावर तीन वाटा आहेत.

फक्त वेग बदलले असतील आणि एमएलडी असेल, तर कस्टमाइझ चालवून डेटास्टोअरला 'ओन्ली-मेट्रिक' द्या. नकाशाचा स्थिर भाग जागचा हलत नाही.

अख्खा नकाशा बदलायचा असेल आणि दोन यंत्रं असतील, तर एकेक यंत्र एनजिनएक्समधून बाहेर काढा, राउटेड थांबवा, 'स्प्रिंग-क्लीन' ने जुना तुकडा पुसा आणि नवा चढवा. स्प्रिंग-क्लीन चालू यंत्रावर मारू नका, ते सगळेच डेटासेट साफ करतं.

यंत्र एकच असेल तर एममॅप. नवा नकाशा तारखेच्या नव्या फोल्डरात ठेवा, सिमलिंक वळवा आणि प्रोसेस एकामागून एक रीस्टार्ट करा. जुन्या फायलींवरच नव्या कॉपी केल्यात तर मॅप केलेली फाइल पायाखालून सरकते आणि प्रोसेस बस एररने मरते.

अपडेटनंतर पाच मिनिटांनी आयपीसीएस-एम पुन्हा बघा. जुना तुकडा तसाच असेल आणि त्याला कुणीतरी जोडलेलं असेल, तर एखादी राउटेड वळलेली नाही. तेवढी एकच रीस्टार्ट करा. जोडलेले शून्य असूनही तुकडा उरला असेल, तर त्याचा आयडी दोनदा तपासून आयपीसीआरएमने काढा. जुनं फोल्डर मात्र दुसऱ्या दिवशीच पुसा.